सुखदाची हजेरी

हयवदननं भोंगा तोंडाशी धरून सुखदाचं नाव पुन्हा पुकारलं, तेव्हा स्मितानं खांद्यावरची पर्स काखेत घट्ट आवळली. सुखदाचं कार्ड त्या पर्समध्ये होतं. सुखदा स्वतः मारतहळ्ळीच्या आपल्या फ्लॅटमध्ये, उशाशी लॅपटॉप ठेवून डाव्या कुशीवर पडून काम करत होती.

फायर ड्रिल म्हणजे एरवी सगळ्यांना फुकटची करमणूक. घंटा वाजली की जिने उतरायचे, इमारतीमागच्या पार्किंगमध्ये झाडाखाली टीमवार उभं राहायचं, गप्पा मारायच्या आणि मोजणी झाली की परत वर जायचं. आज मात्र मोजणी जुळत नव्हती. हयवदन त्यांच्याच टीममधला, मजल्याचा फायर वॉर्डन म्हणून त्याच्या डोक्यावर लाल टोपी होती आणि हातात टॅबलेट. सकाळी ज्यांची कार्डं लागली त्यांची नावं त्यावर दिसत होती. सगळ्यांसमोर खूण झाली होती, एक नाव सोडून.

"आत आल्याची नोंद आहे, बाहेर पडल्याची नाही," तो स्मिताला हिंदीत म्हणाला. "तुम्ही पाहिलंत तिला?"

"मघाशी होती," स्मिता म्हणाली. "येईल इतक्यात."

पण येणार कुठून? लिफ्ट बंद होत्या. मग गेटवरच्या भीमसेनला वर पाठवलं. भीमसेन निवृत्तीला टेकलेला, गुडघ्यांनी बेजार, तरी जिन्यानं चढला. हयवदनच्या हातातल्या वॉकी-टॉकीतून त्याचा आवाज येऊ लागला. तो एकेका मजल्यावर स्वच्छतागृहाचं दार वाजवत होता, "सुखदा मॅडम, सुखदा मॅडम" म्हणून हाका मारत होता आणि थोड्या वेळानं धापा टाकत कानडीत सांगत होता की इथं कुणीच नाही, "इल्ली यारू इल्ला सार." खाली हळूहळू हसणं थांबलं. कुणीतरी म्हणालं, गेल्या आठवड्यात आली होती तेव्हा फार उतरलेली दिसत होती. दुसरी म्हणाली, चक्कर येऊन पडली नसेल ना कुठे?

भीमसेन आणखी एक मजला चढल्याचं ऐकू आलं, तेव्हा मात्र स्मिताला राहवेना.

"ती घरी गेली," ती एकदम म्हणाली. "बरं वाटत नव्हतं तिला. मला सांगून गेली होती, माझ्याच डोक्यातून निघून गेलं."

हयवदननं टॅबलेटकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि खूण केली. घामानं निथळत भीमसेन खाली आला. सुखदा घरी आहे हे कळल्यावर त्याचा चेहरा उजळला. "सरी, सरी. सुखरूप आहेत ना, बस झालं," असं कानडीमिश्रित हिंदीत म्हणत तो पायरीवर टेकला. स्मितानं त्याला पाण्याची बाटली नेऊन दिली. त्याच्याकडे बघण्याचं धैर्य तिला झालं नाही.

कार्डाची ही कल्पना तिचीच होती.

सुखदा नागपूरची, लग्नानंतर नवऱ्याबरोबर, तनयबरोबर, इकडे आलेली. ऑफिसात सगळे एकमेकांना नुसत्या नावानं हाक मारायचे, अगदी साहेबांपासून शिकाऊ पोरांपर्यंत. सुखदा मात्र पहिल्याच आठवड्यात पँट्रीत स्मिताला फोनवर मराठी बोलताना ऐकून "अय्या, तुम्ही मराठी?" म्हणाली आणि तेव्हापासून स्मिताची ताई झाली. स्मिता तिची टीम लीड होती. वरकरणी ती म्हणायची, ऑफिसात कसली ताई नि माई. पण एखाद्या दिवशी सुखदा रजेवर असली, की दिवसभर कुणी तशी हाक मारली नाही हे तिला संध्याकाळी जाणवायचं.

त्या दिवशी आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडून सुखदा वॉशरूममध्ये ओकत होती. स्मितानं तिची पाठ चोळली, तोंड पुसायला रुमाल दिला.

"कितवा?"

"दुसरा लागला." सुखदा रडवेली झाली होती. "परवा थोडं ब्लीडिंग झालं, ताई. डॉक्टर म्हणाल्या प्रवास नको. पण आता ऑफिसला येणं कंपल्सरी केलंय ना यांनी. आणि रिंग रोडवर ती कॅब गचके देऊन राहते नुसती. मी एचआरला सांगून टाकू का?"

"मुळीच नाही," स्मिता म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज चढला. "तीन महिने सरेपर्यंत कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही."

स्मितानं स्वतः सांगितलं होतं. काही वर्षांपूर्वी, नवऱ्यानं, वासुदेवनं, नको नको म्हटलं तरी, आनंदाच्या भरात तिनं पुण्याहून आणलेले पेढे सगळ्या मजल्याला वाटले होते. पुढच्या पंधरवड्यात सगळं संपलं. पेढे खाल्लेली माणसं नंतर तिला लिफ्टमध्ये भेटली की मोबाइलमध्ये तोंड खुपसायची. एक बाई मोठ्या रजेवरून परतलेली, तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं हसून सगळ्यांदेखत विचारलं होतं, कितवा चालू आहे? त्यानंतर स्मिताला दिवस राहिले नाहीत. दृष्टबिष्ट लागते यावर तिचा तसूभर विश्वास नव्हता. या एका बाबतीत मात्र होता.

"तुझं कार्ड माझ्याकडे ठेव," ती सुखदाला म्हणाली. "सकाळी माझ्याबरोबर तुझंही लावते. तू घरून काम कर. काम वेळेत होतंय ना, मग कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"पण चालेल ना, ताई?"

"मी आहे ना."

खालच्या गेटवर एकेकानंच आत जायचं असे, पण हजेरी मजल्यावरच्या काचेच्या दाराशी कार्ड लावलं तरी लागायची. तिथं आजूबाजूला कुणी नाहीसं पाहून स्मिता दोन कार्डं लावू लागली. आधी आपलं, मग सुखदाचं. हिरवा दिवा दुसऱ्यांदा लागला, की आज एक दिवस पुढे सरकला, असं तिला वाटे. कुणाचं तरी बाळ आपण रोज हात धरून दाराच्या आत नेऊन सोडतो आहोत, असं ते वाटणं होतं. गेल्या कित्येक वर्षांत ती ऑफिसला इतक्या आनंदानं आली नव्हती.

सुखदा कधीमधी, बरं वाटलं तर, स्वतः यायची. त्या दिवशी कार्ड तिच्याकडे जायचं, दुसऱ्या दिवशी स्मिताकडे परत. तिसरा महिना सरला, तेव्हा सुखदा म्हणाली, आता सांगून टाकते. पण तेवढ्यात कामाच्या वार्षिक रेटिंगचे दिवस आले. स्मिता म्हणाली, होऊन जाऊ दे. गरोदर म्हटलं की ही माणसं तोंडावर अभिनंदन करतात आणि मनातल्या मनात नाव खोडून टाकतात. हे काही ती उगीच म्हणत नव्हती, तिनं तसं होताना पाहिलं होतं. रेटिंग लांबलं. पाचवा लागला. आणि मग ती घंटा वाजली.

पुढच्या आठवड्यात सुखदाला बोलावणं आलं. तिची लीड म्हणून स्मितालाही.

एचआरचा किरणकुमार वयानं लहान, पण वागायला जपून. त्याचं हिंदी ऐकून तो इथलाच हे कळायचं. सोफ्यावरची उशी आणून त्यानं सुखदाच्या पाठीशी ठेवली, तिच्यासाठी कोमट पाणी मागवलं. सुखदानं सैल कुर्ता घातला होता. त्यावर पाहुण्यांना देतात तो चिकटपट्टीचा पास लावलेला होता, आणि खाली पोट आता दिसू लागलं होतं. स्मितानं पर्स टेबलाखाली पायाशी ठेवली.

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" किरणकुमार म्हणाला. तो खरोखरच कळवळून विचारत होता. "डॉक्टरांची चिठ्ठी दिली असती, तर घरून काम करायची परवानगी लगेच मिळाली असती. त्याच्यासाठी पॉलिसी आहे आपल्याकडे. याआधी दोन जणींना दिलीय."

सुखदा त्याच्याकडे पाहतच राहिली. स्मिताच्या कानशिलात कुणीतरी भडकावल्यासारखं झालं. या पॉलिसीची मेल दरवर्षी यायची. आपल्याला त्याचा काय उपयोग, म्हणून तिनं ती कधी उघडलीच नव्हती.

"आता मात्र प्रश्न वेगळा झालाय," किरणकुमार पुढे म्हणाला. "गरोदर बाईला कामावरून काढता येत नाही, कायदा आहे. पण खोटी हजेरी म्हणजे गंभीर गैरवर्तन. तिथे तो कायदा तुमच्या मदतीला येत नाही. मला सांगा, तुमचं कार्ड कोण लावत होतं?"

सुखदानं पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला.

"नाव सांगितलंत तर तुमच्या बाबतीत वेगळा विचार करता येईल."

मी लावत होते. स्मिताच्या जिभेवर शब्द तयार होते. त्यांच्या मागोमाग घर आलं. वासुदेवचा धंदा बसल्यापासून ते तिच्याच पगारावर चाललं होतं. गैरवर्तनासाठी काढलेल्या बाईला या वयात कोण दारात उभं करणार होतं? आणि बोलून तरी काय, दोघींचीही जाईल, असं ती स्वतःला समजावत राहिली. सुखदानं नाव घेतलं तर नाकारायचं नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं. तेवढ्यावरच आपण धीराच्या आहोत असं तिला वाटलं.

सुखदानं मान वळवून तिच्याकडे एकदा पाहिलं. स्मिता टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती.

"नाही सांगू शकत, सर," सुखदा म्हणाली.

"बरं. कार्ड तरी जमा करावं लागेल."

सुखदा गोंधळली. खालच्या आवाजात, घरी बोलावं तसं, तिनं मराठीत विचारलं, "ताई, काय सांगू?"

"हरवलं म्हण," स्मिता पुटपुटली. पर्स तिच्या पावलाला लागत होती.

"हरवलं, सर."

किरणकुमारचं पेन क्षणभर कागदावर थांबलं. मग त्यानं तसं लिहून घेतलं. पेन मिटून त्यानं स्मिताकडे नजर वळवली.

"स्मिता, तुम्हाला काही सांगायचंय?"

तो बराच वेळ थांबला. बाहेर पॅसेजमध्ये कुणीतरी मोठ्यानं हसत गेलं.

"सुखदाच्या कामाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती," स्मिता इंग्रजीत म्हणाली. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

मग राहिलं ते भराभर उरकलं. राजीनामा दिला तर कागदावर डाग राहणार नव्हता. सुखदानं फक्त एकच विचारलं, बाळंतपणाच्या रजेचं काय? किरणकुमारनं मान हलवली. ती रजा सुखदानं मनातल्या मनात केव्हाच घालवायला सुरुवात केली होती. नागपूरला आईकडे जायचं, हिवाळ्यात बाळाला अंगणात कोवळ्या उन्हात निजवायचं, आईनं तेल लावायचं, आपण नुसतं बघत बसायचं. किती वेळा तरी तिनं हे स्मिताला सांगितलं होतं. तिनं सही केली आणि उशी नीट जागच्या जागी ठेवून ती उठली.

स्मिता तिला सोडायला खाली आली. गेटवर भीमसेन होता. सुखदाला पाहून तो खुर्चीतून उठला, पोटाकडे बघून मायेनं हसला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "मॅडम, त्या दिवशी किती शोधलं तुम्हाला. सगळे मजले. मला वाटलं कुठे पडल्यात की काय. देवाला म्हटलं, पोरगी सापडू दे."

हे सुखदाला कुणी सांगितलं नव्हतं. वर इतका वेळ ती कोरडी राहिली होती, इथं एकदम तिचे डोळे भरून आले. "सॉरी, अंकल," ती कशीबशी म्हणाली. भीमसेनला कळेना आपलं काय चुकलं. त्यानं आपली खुर्ची पुढे सरकवली.

"गाडी येतेच आहे," म्हणत ती बसली नाही. फाटकाच्या सावलीत उभी राहून तिनं ओढणीनं डोळे टिपले.

"डोहाळजेवण आहे दोन महिन्यांनी," मग ती म्हणाली. "आई येऊन राहिली नागपूरहून."

"येईन ना. येणारच."

"घरी मी सांगेन, मीच सोडली म्हणून. प्रवास झेपत नाही म्हणून. तुमचं नाव तनयलापण नाही सांगितलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर स्मिताला तिच्या तोंडाकडे बघता तरी आलं असतं.

"सुखदा, अगं, मी..."

"राहू द्या. गाडी आली."

गाडी रस्त्याच्या गर्दीत शिरेपर्यंत स्मिता फाटकाशी थांबली. सुखदा पुढेच बघत होती. तिचा एक हात पोटावर होता आणि दुसऱ्या हातानं तिनं गचक्यांसाठी वरची कडी आधीच धरून ठेवली होती.

वर लिफ्टचं दार उघडलं तर समोर किरणकुमार. स्मिता बाजूनं निघून जाणार, तेवढ्यात तो म्हणाला,

"स्वल्प थांबा, अक्का."

ते मराठी होतं. थोडं वेगळ्या वळणाचं, पण मराठीच.

"तुम्हाला मराठी येतं?" स्मितानं विचारलं.

"आमच्या घरांत मराठीच. राजाजीनगरला आजोबांचं कापडाचं दुकान होतं. तुमच्यासारखं शुद्ध येत नाही, पण कळतं सगळं." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "ते पर्समधलं कार्ड तेवढं मोडून टाका. मला देऊ नका. दिलंत तर मला लिहावं लागेल."

स्मितानं पर्स काखेत आवळली.

"कॅमेऱ्यांत तुम्ही दिसता, अक्का, पर्समधून दोन कार्डं काढताना. ड्रिलच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही बघितलं."

"मग मला का नाही विचारलंत?"

"तुमच्या टीमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे ना पुढच्या महिन्यांत. वरून सांगितलं, त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्याशिवाय अडेल. आणि ती..." तो अडखळला. "ती तसंही सहा महिने नसणारच, म्हणाले."

कुणीतरी जिन्यानं वर येत होतं. तो गप्प झाला, पावलं वरच्या मजल्यावर जाईपर्यंत थांबला.

"मी विचारलं ना तुम्हाला, काही सांगायचंय का? तुम्ही बोलला असता तर मला दोघींचं नाव लिहावं लागलं असतं. एकच गुन्हा, एकीला काढून दुसरीला ठेवता आलं नसतं त्यांना. आणि तुम्हाला तर काढणारच नव्हते." त्यानं पहिल्यांदाच मान वर केली. "म्हणून मी थांबलो होतो, अक्का. पुष्कळ वेळ थांबलो."

लिफ्ट आली. तो आत गेला आणि दार मिटेपर्यंत हातातल्या कागदांकडे पाहत राहिला.

स्मिता काचेच्या दारापाशी आली. पर्समध्ये हात घालून तिनं हाताला लागलं ते कार्ड यंत्रावर टेकवलं. लाल दिवा लागला. तिनं पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. मग तिनं कार्ड उलटून पाहिलं. फोटोत सुखदा हसत होती, कपाळावर बारीक टिकली, केस नुकते विंचरलेले, नोकरीच्या पहिल्या दिवशीची. दुपारच्या आत ते बंदही केलं होतं त्यांनी. आपलं कार्ड काढायला हवं हे तिला कळत होतं, पण ती तिथेच उभी राहिली.

हयवदननं तिला आतून पाहिलं आणि हसत येऊन दार उघडलं.

"कार्ड चालत नाहीये का? या, या. कॉल सुरू झालाय, सगळे तुमच्यासाठीच थांबलेत."

ती आत जाईपर्यंत तो दार धरून उभा राहिला.